शीटवरची पांदण

पोस्टवर बर्फामुळे रजा बंद झाली, की नायक शिवदास राठोड एक शीट उघडायचा. सर्व्हेवाल्यांनी फार पूर्वी पायी फिरून काढलेल्या आमच्या उमरखेडकडच्या नकाशाची ती झेरॉक्स. देऊळ, मशीद, विहीर, एकटी चिंच, सगळं जागच्या जागी. शिवदास देवळावर बोट ठेवायचा आणि पांदणीनं, शेतांमधल्या गाडीवाटेनं, थेट टेकडीवरच्या आपल्या तांड्यावर न्यायचा.

"चला, पोचलो. याडीनं चहा टाकला."

याडी म्हणजे त्याची आई. पांदण उंचवट्यावरून जाते, हे मला त्या बोटानं शिकवलं.

मी हवालदार, बटालियनचा मॅप रीडिंगचा उस्ताद. एकदा छातीवर रायफल ठेवूनच कंपास धरला आणि अख्खी पार्टी भलत्याच नाल्यात उतरवली.

"उस्ताद," शिवदास म्हणाला, "सुई तुमच्या रायफलीच्या प्रेमात पडली."

पुढे पेट्रोलिंगवर गेलेला शिवदास परत आला नाही. मी पेन्शनवर गावी आलो, त्याचं शीट घेऊन.

मागच्या पावसाळ्यात पैनगंगा गावात शिरली. डांबरी रस्त्याचा पूल वाहून गेला. तांडा आदल्या दिवशीच खाली केला होता. याडी मात्र बकऱ्या सोडून निघाली नव्हती. पाणी टेकडी चढत होतं आणि पावसात टेकडी दिसत नव्हती. मोबाईलच्या नकाशात पांदण नव्हतीच. मी शीट काढलं, सलीम मेकॅनिकच्या ट्रॅक्टरवर चढलो, देवळापासून कंपासवर दिशेचं बेअरिंग घेतलं आणि ऐटीत ऑर्डर दिली, "सरळ."

थोड्याच अंतरावर पुढचं चाक खचलं.

"हवालदार, हे पांदण हाय का विहीर?"

"रिव्हर्स."

सलीमनं माझ्या हातात डोकावून पाहिलं. "तुमची सुई तं माह्या बोनेटकडंच पाहून राह्यली."

लोखंडापासून दूर राहा, असं जवानांवर ओरडण्यात माझी नोकरी गेली होती. शिवदास असता तर म्हणाला असता, उस्ताद, आता इंजिनाशी लफडं?

देवळापाशी परत आलो. मी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरलो आणि कंपास धरून पुढे चाललो. सलीम ट्रॅक्टर घेऊन बराच मागे. पायाखाली पांदणीचा मुरूम लागला. मग चिंच दिसली, शीटवर होती तिथंच. ज्यांनी ती टिपून ठेवली, त्या अनोळखी माणसांना मी मनात सॅल्यूट ठोकला.

याडी करडू कवटाळून बसली होती.

"कोन्या रस्त्यानं आला रे, बापू?"

"पांदणीनं. शिवदासनं दाखवली होती."

तिनं चुलीकडे पाहिलं. "चूल भिजली. चहा नाई देता येत तुले."

याडीला आणि बकऱ्यांना ट्रॅक्टरवर घालून आम्ही खाली आणलं. पाणी ओसरल्यावर तो चहा प्यायला मी पांदणीनं पुन्हा गेलो. शिवदासच्या फोटोसमोर शीट उघडलं. देवळावर बोट ठेवलं, चिंचेवरून टेकडीपर्यंत नेलं.

"चल," मी म्हटलं, "पोचलो."