गांगुर्डेबाईंची अट

गांगुर्डेबाई कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायच्या. ऐंशीच्या दशकातल्या नाशकात हे देवळात चपला घालून जाण्यासारखंच होतं. कुणी हटकलं की म्हणायच्या, "आपण पूल बांधतो. धुळीला भिणारं यंत्र आपल्या काय कामाचं?"

आमची कंपनी पुलांची, कालव्यांची कंत्राटं घ्यायची. मी तिथं अंदाजपत्रकं करायचो. एक काम संपलं की तिथली माणसं पांगायची; नव्या साइटवर नवा संसार. मालक दादासाहेबांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला आणि बाकीच्यांना शिकवायला बाईंना नेमलं. प्रत्येक साइटनं दर आठवड्याला काम कुठवर आलं ते कळवायचं, म्हणजे कुठं काय कमी पडणार ते आधीच समजेल, अशी योजना. वर्ष सरलं, तरी सगळीकडून एकच निरोप: "काम वेळेवर आहे." पूल मात्र रखडलेलेच.

दादासाहेब वैतागले. "विकून टाकतो हे खोकं!"

"खोक्याचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "उशीर कळवला की तुम्ही माणसाची सालं काढता. खरं सांगेल कोण? एवढा हंगाम उशीर सांगणाऱ्यावर ओरडणार नाही, असा शब्द द्या. तरी फरक पडला नाही, तर खुशाल विका."

दादासाहेबांनी शब्द दिला. बाई एस्टीनं साइटी हिंडून तो सगळ्यांच्या कानावर घालून आल्या. पहिला फोन वणीकडच्या पुलावरून, आहेर सुपरवायझरांचा. त्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू येत होता.

"बाई, पूल मागं हाय. लय मागं."

दादासाहेबांनी रिसीव्हर हिसकावला. चेहरा लालबुंद. ते तोंड उघडणार तोच बाईंनी रिसीव्हरवर तळहात दाबून धरला.

"दादासाहेब, शब्द."

बाईंची नोकरी गेलीच, असं आम्हाला वाटलं. दादासाहेबांनी त्यांचा हात हळूच बाजूला सारला. मग घसा खाकरून फोनवर म्हणाले, "आहेर, काय अडलंय?"

"सळई नाय, साहेब. मागायची भीती वाटत व्हती."

बाईंनी कॉम्प्युटरमधल्या नोंदी काढल्या; नांदगावच्या संपलेल्या कामावर सळई गंजत पडली होती. ती वणीला गेली, पूल पावसाआधी उभा राहिला आणि मग इतर साइटींवरूनही खऱ्या खबरा येऊ लागल्या.

पुढं नवऱ्याची बदली झाली आणि बाई नोकरी सोडून गेल्या. निरोप देताना मी सहज विचारलं, "बाई, कॉम्प्युटर शिकवायला सगळ्यात जड कोण गेलं?"

"दादासाहेब."

"त्यांनी तर त्याला कधी हातही लावला नाही!"

"हात कशाला लावायचा?" बाई हसल्या. "त्यांना फक्त ऐकून घ्यायला शिकायचं होतं."