पायदळातला भाचा

भोसरीच्या चाळीत पाण्याचा टँकर आला की चतुराबाई कधी रांगेत उभ्या राहत नसत. “माझा भाचा पायदळात हाय, तिकडं बर्फात उभा हाय!” असं ऐकवून त्या थेट पाइपाखाली हंडा लावत. देशापुढं कोण बोलणार?

मे महिन्यात तो भाचा, बुद्धभूषण, सुटीवर आला. टँकर येताच कळशी घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

“अरे, पुढं ये! जवान हायेस तू!” चतुराबाई ओरडल्या.

“आत्या, रांग मोडली की आमच्याकडं शिक्षा होते.”

सगळी चाळ हसली. चतुराबाईंचा चेहरा उतरला. हंडा उचलून त्या भाच्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि मागून आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, “बघितलंस? शिस्त आमच्या रक्तातच हाय.”