भोंगाकाकीनं घालवलेली जागा

माझ्या बायकोला कुजबुजता येत नव्हतं. कानात सांगायची गोष्ट ती कानातच सांगायची, पण ऐकू समोरच्या वाडीला जायची. देवळात माणसं मनातल्या मनात मागतात. ही हात जोडून मोठ्यानं मागायची, "देवा, ह्यांची तंबाखू सुटू दे, दात बघवत नायत." गुरव हसायचा, मी चप्पल शोधायचो. महाडच्या कारखान्यांचा भोंगा वाजतो, त्यावरून पोरांनी तिचं नाव ठेवलं भोंगाकाकी. तिला राग नाही. मला म्हणायची, "भोंगा वाजला की माणसं कामाला लागतात. तुमी वाजलात तर कोण हलतंय?"

आमचं गाव पोलादपूरच्या पुढं, कशेडीच्या अंगाला. वरची वाडी डोंगराच्या पोटाशी. आषाढात पाऊस धरला की दरडीच्या भीतीनं तिथली माणसं आमच्या पडवीत झोपायला यायची. पोरं, म्हातारी, कोंबड्या, सगळं. ही सगळ्यांना कोरा चहा करायची आणि वर ओरडायची, "अगो, चिखल काय माहेरून आणलास?" तिचं बोलणं कुणाला लागायचं नाही. उलट एखादीच्या वाट्याला नाही आलं तर ती विचारायची, "काकी, माझ्यावर रागावलात काय?" पण पडवी ती केवढी. निम्मी माणसं रात्र बसून काढायची. ते हिला बघवायचं नाही.

आणि रस्त्याकडेला जागा तर पडलेली होती. सरकारनं सभागृहासाठी गावच्या मंडळाला भाडेपट्ट्यानं दिलेली. मुदतीत बांधा, नाहीतर परत, असा साफ हिशेब. जोतं झालं आणि पाटीवरून भांडण लागलं. गावातले म्हणत आमचं नाव, मुंबईवाले म्हणत आमचं. त्यात एका शिमग्याला पालखी बसवायच्या नेहमीच्या जागेवर झाड पडलं, म्हणून पालखी त्या जोत्यावर बसवली. पुढच्या वर्षीही तिथंच. मग देवाच्या जागेवर भिंत कोण घालणार? माणसं जोत्याला हात जोडून पुढं जायला लागली. ही एकटी म्हणायची, "देवाला उठवा, नायतर सरकार उठवील."

सरकारची नोटीस आलीच. सभागृह नाही, शर्त मोडली, जागा परत का घेऊ नये? मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. त्यानं डोकं चालवलं. साहेब पाहणीला येणार त्या दिवशी जोत्यावर मांडव घातला, शाळेतली बाकडी आणून मांडली, 'सभागृह' अशी पाटी टांगली आणि आम्हाला सभा चालू असल्यासारखं बसवलं. साहेबांनी विचारलं, "इथं नेहमी सभा होतात का?"

"दर आठवड्याला, साहेब," अध्यक्ष म्हणाला.

तेवढ्यात हिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "अवो, बाकडी शाळेत कधी पोचवायची? पोरं जमिनीवर बसलीत."

साहेबांचं पेन थांबलं. रस्त्यावरचा रिक्षावाला हसला. अध्यक्ष खाली बघायला लागला. ही उठून उभीच राहिली. "आता ऐकलंच हाय तर सांगते, साहेब. हितं सभा नाय, काय नाय. घ्या जागा परत. पण घेऊन कुंपण घालू नका. वरच्या वाडीची माणसं पावसात माझ्या पडवीत बसून रात्र काढतात. त्यांना छप्पर द्या. पाटीवर नाव कुणाचं पण लावा, नायतर लावूच नका."

जागा सरकारजमा झाली. गाव आमच्याशी बोलेना. अध्यक्ष रस्त्यात म्हणाला, "वयनी, जागा घालवलीत तुमी."

"कुठं गेली, भावोजी? सकाळीच बघून आले. हाय तिथंच हाय."

पुढं तीच जागा ग्रामपंचायतीकडं आली आणि सभागृह मंजूर झालं. पावसात निवारा, एरवी सभा. आता उरला देव. गुरवानं कौल लावला. सगळे गप्प, आणि ही नेहमीसारखी मोठ्यानं, "देवा, तुला वर्षातनं एकदाच बसायचंय. आमचं खळं सारवून देते, तिथं बस. हितं माणसांना झोपू दे." उजवं फूल पडलं, म्हणजे देव राजी. त्या शिमग्याला पालखी आमच्या खळ्यात आली. पालखी खांद्यावर घेऊन सगळ्यात जास्त नाचला तो अध्यक्षच. नाचता नाचता माझ्या पायावर पडला आणि त्या दिवसापासून बोलायला लागला.

सभागृहाचा स्लॅब घातला तेव्हा ही होती. शिडीवरून वर गेली, पाय आपटून बघितलं आणि गवंड्याला म्हणाली, "मेल्या, पहिल्यांदा कायतरी नीट केलंस." थंडीत गेली. फार झोपून राहिली नाही. तिच्यामागं घर असं गप्प झालं की मी चहाचं भांडं मुद्दाम आपटून ठेवायचो.

यंदा पाऊस धरला तेव्हा वरच्या वाडीची माणसं माझ्या दारावरून सरळ सभागृहाकडं गेली. हेच तर तिला पाहिजे होतं. मी पडवीत बसून बघत होतो. थोड्या वेळानं त्यांच्यातली एक सून माघारी आली.

"चला काका."

"माझ्या घरावर कुठं दरड येतेय?"

"नाय येत. तरी चला."

माझं अंथरूण तिनंच उचललं.

आत सगळी पसरून बसलेली. बायका हिच्या गोष्टी सांगत होत्या, हिच्यासारखा आवाज काढून. हसून हसून पोरांना ठसका लागला. निम्म्या गोष्टी घडलेल्याच नव्हत्या. पण तिनं तसंच केलं असतं, म्हणून मी मधे बोललो नाही.

चार दिवसांनी पाऊस उघडला. डोंगर जागेवर होता. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मग माणसं भराभर आवरून निघाली. मला अंथरूण गुंडाळायला जरा वेळ लागला.