गाडीपासून पाण्यापर्यंत

लोक विचारतात, "विंग फॉइलिंग करता ना? पाण्यावरचे किस्से सांगा!" पाण्यावरचे नाहीतच हो! आमचे सगळे किस्से गाडी लावतो तिथपासून पाण्यापर्यंतचे. तेच साचत चाललेत.

आम्ही तिघं. मी वरसेचा, संदेश माझ्याच कंपनीतला आणि नीता पेणची, नर्स. सामान तिघांत एकच. हवा भरून हातात धरायची शिडासारखी विंग, उभं राहायला जाडजूड बोर्ड आणि बोर्डाखाली बसवायचं फॉइल, म्हणजे एक दांडा आणि त्याच्या टोकाला छोट्या विमानासारखे धारदार पंख.

*

विंगची दोरी आधी मनगटाला बांधायची, मगच हवा भरायची. संदेशने आधी हवा भरली. वारा आला, विंग गेली. थेट वालाच्या शेतात! धावत पोचलो तर शेतातल्या काकू वाकून वाकून काहीतरी शोधतायत.

"काकू, ही काय, इथंच पडलीय."

"ती छत्री दिसली रे! तिच्याखालचा माणूस कुठं पडला तो बघते!"

*

फॉइल कव्हर घालूनच न्यायचं, हे नीता दर वेळी ओरडून सांगते. एकदा कव्हर घरी राहिलं, आणि बांधावर संदेश घसरला. पोटरी फाटली. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?"

"विमानाच्या पंखाने," संदेश कळवळत म्हणाला.

डॉक्टर हळूच नीताला म्हणाले, "डोक्याला पण मार लागलाय का?"

*

पाय बरा झाल्यावर परत गेलो. सगळं नियमाने उचललं, खाडीवर पोचलो, तर ओहोटी! समोर नुसता चिखल. जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांना विचारलं, "पाणी कधी येईल?"

"पानी रोज येतं. तुमीच चुकीच्या येलेला येता!"

परतताना गाडीत नीता म्हणाली, "विकून टाकूया का?"

*

मग एकदा भरती, वारा, सुट्टी, सगळं जुळलं. पाणी हाताच्या अंतरावर होतं. तेवढ्यात बांधावरून एक बाई धावत आली. "दादा, ती फळी द्या! सासू पडलीय, तोंड वाकडं झालंय. वाडीपर्यंत गाडी येत नाय!"

फॉइल काढून टाकलं आणि बोर्ड घेऊन तिच्यामागे वाडीत धावलो. काटकुळ्या म्हातारीला बोर्डावर कुशीवर झोपवून ओढण्यांनी बांधलं. पुढून संदेश, मागून मी. नीता बाजूने चिखलातून चालत तिचं डोकं धरून. बांध जेमतेम पावलाएवढा. पण पाय कुणाचा घसरला नाही. आमच्याच गाडीतून पेणला नेलं.

म्हातारी वाचली. एक हात अजून नीट उचलत नाही, पण बोलते.

घाईत बोर्ड गाडी लावली होती तिथंच राहिला, तो वाडीवाल्यांनी उचलून नेला. आणायला गेलो, तर सून म्हणाली, "राहू द्या की दादा, रस्ता व्हईपर्यंत." ठेवला.

परवा तिचा फोन आला. म्हातारीचं काही झालं की काय, म्हणून मी घाईघाईने उचलला.

"दादा, अजून एक फळी मिळंल काय? पलीकडच्या वाडीवाले पण मागतात!"