देवमनभाऊंचं ‘जुनं सगळं’

देवमनभाऊ नवा कॉम्प्युटर घेत, तेव्हा जुन्यातली एकूण एक फाईल नव्यात टाकायला लावत आणि त्या फोल्डरला नाव ठेवत ‘जुनं सगळं’. पुढचा कॉम्प्युटर आला की त्यातही ‘जुनं सगळं’, त्याच्या पोटात आधीचं ‘जुनं सगळं’, त्याच्या पोटात त्याच्याही आधीचं. अमरावतीत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि शेजारच्या गाळ्यात माझं, सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देण्याचं. त्यामुळे ही उतरंड रचण्याचं पाप माझ्याच हातून झालं.

मी वैतागायचो. भाऊ, कामाच्या फायली निवडा, बाकीच्या उडवू, असं दरवेळी सांगायचो. त्यांचे सख्खे भाऊ शहराबाहेर भाजीपाला पिकवायचे. त्यांचा दाखला देऊन देवमनभाऊ म्हणायचे, "त्यायचा माल संध्याकायी नासते बावा. माहा नासत नाई. मंग फेकू काहून?"

आमच्या वऱ्हाडातल्या पत्रिकेत नावं फार. त्यातलं एखादं खालीवर झालं, तर माणूस मांडवात येऊन तोंड फिरवून बसतो. म्हणून धाकट्याच्या लग्नाला लोक थोरल्याच्या पत्रिकेचा हवाला देतात, मागच्यासारखीच करा म्हणतात. भाऊ जुनी फाईल उघडायचे, हात कीबोर्डवर ठेवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "मधात कोणी गेलं काय?" गिऱ्हाईक आठवायचं आणि म्हणायचं, मोठे मामा. भाऊ ‘श्री.’ काढून ‘कै.’ टाकायचे. वारलेलं माणूस त्यांच्या दुकानातून जिवंत म्हणून कधी छापलं गेलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

पण या फायलींनी त्यांना पुरतं जखडून टाकलं होतं. त्यातला मराठी फॉन्ट जुना, नव्या मशीनवर तो कधी चालायचा, कधी पानभर चौकोन दाखवायचा. म्हणून जुनं मशीनही शेजारी चालूच. गाळ्याला खिडकी नाही. दोन्ही बाजूंना कॉम्प्युटरचे डबे घरघरताहेत आणि मधे भाऊ, गुडघे टेबलाला टेकलेले. एकदा आम्ही चौघं वाघ बघायला सेमाडोहच्या जंगलात निघालो, तेव्हा त्यांना जवळजवळ उचलूनच जीपमध्ये घातलं. परतवाड्याला चहाला थांबलो आणि फोन आला. कुणाला तरी बहिणीची पत्रिका हवी होती, आजच. भाऊ सरळ अमरावतीच्या एसटीत चढले. "तुमी जा राजेहो. वाघ काई पत्रिका मागत नाई," म्हणाले. हसत म्हणाले, पण खिडकीतून ते जीपकडे बघत होते ते मला अजून आठवतं.

त्यांची बायको, इंदूवहिनी, वारल्यावर तर घरी ते नुसते झोपायला जात. मुलगी मंगल अकोल्याला शिक्षिका. बाबा, इकडे या, एक खोली रिकामीच आहे, असं ती दर रविवारी फोनवर म्हणायची. भाऊ कामाचं कारण सांगायचे, ती रडायची, आणि फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ काही टाईप करायचे नाहीत.

मग धाकट्या मुलाचं, नीलेशचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच घरची. भाऊंनी मंगलच्या लग्नाची फाईल उघडली, वधूवरांची नावं बदलली, छापली, वाटली. सगळ्यांनी वाचली तेव्हा उशीर झाला होता. निमंत्रकांत छापलं होतं, सौ. इंदूबाई. मागच्यासारखंच.

मांडवात नवरीची एक लांबची आत्या नवरदेवाच्या आईसाठी साडी घेऊन आली. बिचारीने पत्रिका वाचूनच आणली होती. तिने नेमकं मंगललाच विचारलं, "विहीणबाई कुठी हायेत?" मंगलने मान खाली घातली. मी बाजूलाच होतो. भाऊ पुढे आले, दोन्ही हातांनी साडी घेतली आणि म्हणाले, "माह्या डोयानं दगा देल्ला बाई."

मंगलने तो शब्द धरून ठेवला. त्यांना डॉक्टरकडे नेलं. भिंतीवरची अक्षरं तिसऱ्या ओळीच्या खाली त्यांना वाचता येईनात. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि डोळ्यांना ताण नको म्हणून बजावलं. दुकान बंद, बाबा अकोल्याला, असं ठरलं. भाऊंनी एकच मागितलं, नवा कॉम्प्युटर. मंगल कबूल झाली, पण मला बाजूला घेऊन तिने शब्द घेतला की त्यात जुनं काही जाणार नाही. भजनं आणि नातवंडांचे फोटो, बस. नाहीतर तिथेही दिवसभर हेच चालेल आणि उरलेले डोळेही जातील. मला तिचं शंभर टक्के पटलं.

मशीन जोडून मी त्यांच्या गाळ्यात नेलं, सुरू करून दाखवलं. भाऊ त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. मग नेहमीचंच वाक्य आलं, "आता जुनं सगळं टाक." मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. डोळ्यांचं कारण सांगितलं, मंगलचं सांगितलं, जरा रागावलोही.

कोपऱ्यात नव्या मशीनचं खोकं पडलं होतं. भाऊंनी चष्मा काढला आणि बसल्या जागेवरून खोक्यावरचा मुंगीएवढा मजकूर मला धडाधड वाचून दाखवला.

"डोये चांगले हायेत माहे," ते म्हणाले. "पत्रिकेत तिच्या नावाले म्या कै. टाकलं होतं. पाह्यलं. मंग काढून टाकलं. लोकायचं टाकत आलो बावा, घरचं नाई टाकता आलं."

डॉक्टरकडे तिसऱ्या ओळीवर ते मुद्दामच थांबले होते. आता खरं सांगून टाका, निदान दुकान तरी वाचेल, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"पोरगी भर मांडवात खाली मान घालून उभी होती. बापानं मुद्दाम केलं म्हनलं तं तिले लय लागंल. डोयावर जाऊ दे. तू बी नको सांगजो."

मंगलने माझ्याकडून शब्द घेतला होता तो डोळ्यांसाठी, आणि डोळे तर धडधाकट होते. मी वायर जोडली. ‘जुनं सगळं’ नव्या मशीनमध्ये उतरायला संध्याकाळ झाली. भाऊंचा मला राग आला होता, आणि त्यांच्यावर इतकी माया त्याआधी मला कधी वाटली नव्हती.

मागच्या महिन्यात अकोल्याला त्यांच्याकडे गेलो. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता, त्यावर मंगलने स्वतः शिवलेलं आच्छादन. ती शाळेत गेली की भाऊ तो सुरू करतात, हे मला त्यांनी हळूच सांगितलं. कोणती फाईल उघडतात ते मी विचारलं नाही.

सुटीचा दिवस होता. मंगल खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पेपर वाचून दाखवू लागली. रोज दाखवते म्हणे. हळू, स्पष्ट, वर्गात वाचावं तसं. निधनवार्तांचं पान ती वाचत नाही, बाबांना त्रास नको म्हणून. भाऊ मधूनमधून हं म्हणत होते. तिने पेपर उघडा धरला होता, त्यामुळे ती वाचत होती त्याच्या पाठीमागचं तेच पान भाऊंसमोर होतं, आणि त्यांची नजर त्यावरून ओळीओळीने खाली चालली होती. बातमी संपली. ती पान उलटायला लागली.

"थांब माय," भाऊ म्हणाले, "घाई नको करू."

बाबांना नीट कळलं नसेल असं तिला वाटलं. तिने तीच बातमी पहिल्यापासून, आणखी सावकाश वाचायला घेतली.