पुन्हा मानेपासून

पेंटरची मान उत्तम आहे. डावीकडे वळते, उजवीकडे वळते, हनुवटी छातीला टेकते. त्या मानेबद्दल कधीच कोणाची तक्रार नव्हती. आखडलाय तो उजवा खांदा.

तो आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो, मी वर. माझ्यापेक्षा बराच मोठा, तरी आमचं जमतं. घरं रंगवणं हा त्याचा धंदा. गेल्या वर्षी एकदा त्याचा हात कानाच्या वर जाईना. रोलरला लांब काठी लावली तरी सीलिंगला खांदा उचलावाच लागतो, आणि कडा तर ब्रशनेच माराव्या लागतात. सीलिंग न जमणाऱ्या पेंटरच्या वाट्याला दारं, चौकटी आणि गज येतात. त्याच्यासारख्या माणसाला ते फार लागतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला व्यायाम दाखवले. आधी मानेचा. मग वाकून हात लोंबता सोडायचा आणि झोका द्यायचा. मग काठी, मग टॉवेल. सगळ्यात शेवटी भिंत: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू वर चढत जायचं. दर आठवड्याला एक वाढवा, आधीचे सोडू नका, असं बाईंनी बजावलं होतं.

त्याने मन लावून केलं. झोक्यापर्यंत आला आणि दुखणं कमी झालं. रात्री झोप लागायला लागली. मग एका सकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी काहीच कारण नव्हतं, आणि त्याने केलं नाही.

"दुखतं तोवर व्यायाम," त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "थांबलं की लोळण."

खांदा पुन्हा धरला. त्याने पुन्हा सुरुवात केली. सुरुवात करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. नवी चटई आली. पहाटेचा गजर लागला. चहातली साखर बंद झाली, तिचा खांद्याशी काय संबंध ते त्यालाच ठाऊक. वहिनींनी विचारलं, "बँड बोलावू का?"

असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडून दिलं.

मग ठेकेदाराचा निरोप आला. एका मोठ्या सभागृहाचं काम होतं, सगळं सीलिंगचं. त्याने पेंटरला स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरीला येतो. हात डोक्याच्या वर नेऊन दाखव. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." पेंटरला ते काम हवं होतं. जेवताना, उठता-बसता तो त्या सीलिंगबद्दलच बोलायचा.

एका सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. तो चटईवर बसून मान फिरवत होता. मी सहज विचारलं, "भिंतीचा कुठवर आलाय?"

"तो अजून आला नाही."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे त्याची पाळीच आली नाही."

मी कप खाली ठेवला. वर्ष होत आलं होतं.

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "काय म्हणालात? वर्षभर तुम्ही नुसती मान हलवताय?"

"झोक्यापर्यंत जातो मी. कधी काठीपर्यंत. मध्ये खंड पडतो, मग परत पहिल्यापासून."

"पण पहिल्यापासून का?" मी म्हणालो. "जिथे सुटलं तिथून धरायचं ना!"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भिंत अर्धी राहिली आणि वाळली, की मधूनच धरत नाहीत. जोड दिसतो. कोपऱ्यापासून परत घ्यायची. मी आयुष्यभर असंच काम केलंय, अर्धवट काम मला चालत नाही."

 वहिनी पुढे झाल्या.

"तुमच्या खांद्याला जोड दिसणार आहे? कोण येणार आहे बघायला? अहो, सगळं पूर्ण करायचं म्हणून तुम्ही काहीच करत नाही! उठा. आत्ता भिंतीशी उभे राहा."

"ही मीच रंगवलीय. बोटं उमटतील."

"उमटू देत!"

त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवर टेकवलं. त्याची बोटं चढली. लाइटच्या बटणांपर्यंत गेली आणि तो ओरडला. वहिनी म्हणाल्या, "बघा, इथे आहे दुखणं. मानेत नाही."

त्यानंतर तो रोज भिंतीशी उभा राहिला, पण दिवस थोडे उरले होते. ठेकेदार आला तेव्हा हात कानापर्यंत गेला. त्याच्या वर नाही. ठेकेदार माणूस वाईट नाही. म्हणाला, "यावेळी तू चौकटी घे. पुढच्या कामाचं तेव्हा बघू."

पेंटरने दुसऱ्या दिवशी व्यायाम केला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वहिनींनी विचारणं सोडलं. मीही सोडलं. आता हा पुन्हा चटई झटकणार, पुन्हा गजर लावणार, पुन्हा मानेपासून, हे मला दिसत होतं आणि त्याची चीड येत होती.

आठवडा झाला असेल. तो डबा विसरून गेला म्हणून वहिनींनी मला सभागृहात पिटाळलं. वर बांबूच्या परांचीवर दुसरा एक माणूस सीलिंगला रोलर मारत होता. खाली आमचा पेंटर अजून रंग न लागलेल्या एका भिंतीला तोंड करून उभा होता. ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवलेला. बोटं वर चढत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कालपासून. मध्ये बरेच दिवस बुडाले."

"मग मान?"

"मानेला काय धाड भरलीय?"

त्याचा ओठ दातांखाली होता. बोटं कानाच्या पातळीला आली, थांबली, आणि जेमतेम एका पेराने पुढे सरकली. तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी होत्या.

"डबा पोचला?"

"पोचला."

"काय करतायत?"

"भिंतीशी उभा आहे."

"कुठून सुरुवात केली?"

"भिंतीपासूनच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "आता हात खाली आणा म्हणावं, जेवण गार होतंय. आणि उद्या नाही जमलं तर परवा करा म्हणावं. चटई मी उचलून माळ्यावर टाकलीय."

मी निरोप सांगितला.

"हात खाली आणताना जास्त दुखतं," तो म्हणाला. "थांब जरा."