आईंच्या गोळ्या

नवऱ्याला हे ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिच्याशी तर मी रोज अर्धा तास फोनवर असते. ओसाकातल्या एका डॉक्टरीणबाईंना अर्धं ठाऊक आहे. एकाच माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि ते माणूस आता नाही. म्हणजे पुरतं ऐकणारे तुम्हीच पहिले. का सांगतेय? खरं सांगू — थकले. इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवायची आणि वर सणवार, फोन, हसणं, खिदळणं सगळं करायचं... जीव दमतो हो.

पाठीपासून सुरू करते. पाठ खरी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, बाईची सगळीच नाटकं. नाही. पाठ खरंच दुखत होती.

दोन हजार साल उलटलं आणि सॉफ्टवेअरवाल्यांची जपानकडे रीघ लागली, त्यात आम्हीही. श्रीकांत एका बँकेच्या प्रोजेक्टवर आणि मी डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात मी शाळेत गणित शिकवायचे. टोकियोतल्या ओजिमात माझं गणित कुणाला हवं होतं? सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर दोन खोल्या, चार वर्षांची ओवी, आणि दिवसभर खिडकीतून दिसणाऱ्या तशाच दुसऱ्या इमारती. शेवटी मी डब्यांच्या कारखान्यात बाइतो धरला, म्हणजे आपली अर्धवेळ नोकरी. पट्ट्यावरून डबे सरकत यायचे, प्रत्येकात भाताशेजारी लोणच्याचा एक तुकडा ठेवायचा. चार-चार तास उभं राहून, जरासं वाकून. एक दिवस भाताचा क्रेट उचलला आणि कमरेत चमक भरली. ती गेलीच नाही.

डॉक्टरांनी शिप्पू दिले — पाठीला चिकटवायच्या ओल्या औषधी पट्ट्या — आणि सांगितलं, विश्रांती घ्या. विश्रांती! घरात चार वर्षांचं पोर, आणि नवरा घरी येईस्तोवर ते पोर झोपलेलं. पट्ट्यांनी पाठ गार व्हायची, घरभर कापरासारखा वास सुटायचा, दुखणं मात्र जिथल्या तिथे. मग वसाहतीतली एक मैत्रीण पुण्याहून सुट्टी संपवून आली, तिने एक स्ट्रिप दिली. पॅरासिटामॉल आणि कोडीन, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध. म्हणाली, आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठीबिठ्ठी काही बघत नाही. तिने चांगल्या मनानेच दिली होती. तिचा यात काही दोष नाही.

पहिली गोळी मी दुपारी जेवणानंतर घेतली. अर्ध्या-पाऊण तासाने पाठ दुखायची थांबली. पण — आणि हे मी त्या डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगू शकले नाही — पाठीबरोबर आणखी काहीतरी थांबलं. दिवसभर डोक्यात चालणारी किरकिर. मी कोण, इथे काय करतेय, एवढं शिकून लोणच्याचे तुकडे का ठेवतेय... सगळं गप्प. संध्याकाळी पोळ्या लाटताना मी गुणगुणत होते म्हणे. त्या दिवशी श्रीकांत कधी नव्हे तो लवकर आला होता. म्हणाला, आज काय बुवा, स्वारी खुशीत?

आधी दुखलं की एक. मग दुखेल म्हणून एक. मग कारखान्यात जायच्या आधी एक, आल्यावर एक. मला कळत नव्हतं असं नाही. मी गणिताची बाई, मला आकडे वाढलेले दिसत होते. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने बारीक टिंबं द्यायचे — एका गोळीला एक टिंब. एका चौकोनात सहा-सहा टिंबं मावेनात, तेव्हा टिंबं देणं बंद केलं. गोळ्या नाही.

मधून मधून स्वतःची परीक्षा घ्यायचे. आज अजिबात नाही. दुपारपर्यंत छान. मग जांभयांवर जांभया. नाक वाहायचं, पायात वळवळ, बसवत नाही, झोपवत नाही, आणि ऐन ऑगस्टात अंगावर काटा. सर्दी झाली, मी स्वतःला सांगायचे. ऑगस्टात, सर्दी! ओवी काहीतरी जपानीत मागत राहायची, आणि मी तिच्यावर अशी खेकसायचे की ते पोर दाराआड जाऊन बसायचं. मग एक गोळी. मग मी तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचे. पाठ दुखते म्हणून गोळी लागतेय की गोळी लागतेय म्हणून पाठ दुखतेय? विचारायचं कुणाला?

इथल्या दुकानांत खोकल्याच्या औषधात तसलंच काहीतरी असतं, तेही करून पाहिलं. पांढऱ्या कोटातली मुलगी अदबीने विचारायची, कुणासाठी, किती दिवसांपासून, आणि एकच खोका द्यायची. जपानीत खोटं बोलण्याइतकं माझं जपानी नव्हतं. मग राहिलं पुणं. तुम्हाला ठाऊक असेल, परदेशात राहणाऱ्यांत एक रीत असते — कुणीही देशातून यायला निघालं की विचारणार, येताना काय आणू? कुणी गोडा मसाला सांगतं, कुणी मेतकूट. मी मेतकूट सांगायचे आणि सहज आठवल्यासारखं म्हणायचे, दोन स्ट्रिपही आण गं पाठीच्या. प्रत्येकीला दोनच. बेरीज कुणालाच कळू द्यायची नव्हती.

आणि मग सासूबाई यायच्या ठरल्या.

माझ्या पाठीसाठीच येत होत्या त्या. सून वाकू शकत नाही, पोर लहान, तीन महिने जाऊन हातभार लावते म्हणाल्या. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई, बोलणं मोजकं. त्यांनी फोनवर विचारलं, काय आणू? मी म्हटलं, तीस स्ट्रिप आणा, इथल्या चार-पाच जणींनी सांगितल्यात. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, बरं. त्यांनी तीन वेगवेगळ्या दुकानांतून त्या घेतल्या, कारण एकाने एवढ्या दिल्या नाहीत, आणि चकलीच्या डब्याखाली लुगड्यात गुंडाळून आणल्या. विमानतळावर कुणी बॅग उघडली असती तर? सदुसष्ट वर्षांची बाई, भाषा येत नाही, बॅगेत तीनशे गोळ्या. तुम्ही म्हणाल, तेव्हा सुचलं नसेल. सुचलं होतं. फोन ठेवायच्या आधीच सुचलं होतं.

आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी घर हातात घेतलं. इथे कचऱ्याचं केवढं प्रस्थ — जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांचा वार वेगळा. मला दोन वर्षांत जमलं नव्हतं, त्या चित्रांचा तक्ता बघून चार दिवसांत शिकल्या. ओवी जपानीत बोलायची, त्या मराठीत बोलायच्या, आणि दोघींचं उत्तम चालायचं. आंघोळीच्या टबाचं त्यांना फार अप्रूप. गुडघे दुखायचे त्यांचे, गरम पाण्यात बसलं की मोकळे होतात म्हणायच्या.

रिकाम्या स्ट्रिप न जळणाऱ्या कचऱ्यात टाकायला हव्यात. पण ती पिशवी आरपार दिसते, आणि खाली सगळ्या वसाहतीच्या नजरेसमोर पडून असते. म्हणून मी त्या महिनाभर साठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या सालांबरोबर दडवायचे. एका शनिवारी सकाळी दारावर बेल वाजली. इमारतीचे व्यवस्थापक, म्हातारे गृहस्थ, हातात आमची पिशवी. गाडीवाल्यांनी ती उचललीच नव्हती. आत आमच्या पत्त्याचं पाकीट सापडलं म्हणून ते वर आले होते. चार वेळा वाकून, माफी मागून त्यांनी वर्तमानपत्र दारातच उलगडलं आणि श्रीकांतला समजावलं — हे इथे नाही, तिथे. तेही न रागावता. बावीस रिकाम्या स्ट्रिप होत्या.

श्रीकांतने दार लावलं. एक स्ट्रिप उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं. इंग्रजीत होतं, पुण्याच्या दुकानाचा शिक्का होता. माझ्याकडे बघितलं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "आईंच्या आहेत."

दोन शब्द. विचार करून बोलले का? नाही. पण विचार करायला नंतर दहा मिनिटं होती. आई टबातून बाहेर येईपर्यंतची दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी चहाचं आधण ठेवलं.

त्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. श्रीकांतने विचारलं, आई, ह्या तुझ्या? त्यांनी टेबलावरच्या स्ट्रिप बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पोस्टात लिफाफ्यावरचा पत्ता बघावा तेवढाच.

"हो," त्या म्हणाल्या, "गुडघ्यांना घेते." आणि विचारलं, चहा झाला का?

का म्हणाल्या त्या हो? मला आजही ठाऊक नाही. मुलाचा संसार म्हणून? माझी दया आली म्हणून? तो खूप बोलला त्यांना. लाज वाटत नाही का, व्यसन आहे हे, लोकांनी काय म्हणायचं. त्या मान खाली घालून चहा प्यायल्या. ही बाई बटाट्याचं सालसुद्धा चुकीच्या पिशवीत टाकायची नाही, हे तिच्या पोटच्या मुलाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. त्याने त्यांची औषधांची पिशवी ताब्यात घेतली, रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा, आणि रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकेक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायला लागला. गुडघ्यांसाठी काही नाही. उरलेल्या स्ट्रिप माझ्याजवळच होत्या, तांदळाच्या डब्यात. आई भात लावायच्या. त्यांचा हात रोज त्या डब्यात जायचा.

तीन महिन्यांत त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. निघायच्या दिवशी श्रीकांत बॅगांच्या रांगेत उभा होता, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला आणायला सांगू नकोस."

मी म्हटलं, हो आई.

पुढे दीड वर्षाने आम्ही ओसाकाला गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई भेटल्या आणि त्यांना माझ्या मोडक्या जपानीत मी गोळ्यांचं सगळं सांगितलं. परक्या भाषेत शरम कमी वाटते, की शब्दच कमी असतात? सहा-सात महिने लागले, थोडं थोडं कमी करत. फार वाईट दिवस होते. श्रीकांतला वाटायचं, पाठीच्या व्यायामाला जाते. सुटल्या गोळ्या. पाठ अजून दुखते, आता शिप्पू लावते. इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही?

श्रीकांतने त्या शनिवारीच भावाला फोन केला होता. पुण्यात आई त्यांच्याकडेच राहायच्या. माझे दीर-जाऊ वाईट माणसं नाहीत. त्यांनी काळजीनेच घरातली औषधं कुलपात ठेवली. नात्यात हळूहळू पसरलं. आईंना गोळ्यांची सवय आहे बरं का, जपानला काय तमाशा झाला! मी लग्नामुंजीला जायचे तेव्हा माझ्यासमोर बोलायचे. मी वाढायला घ्यायचे.

सहा वर्षांनी आई घरातच घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी पुण्याला गेले, तीन आठवडे राहिले, सगळे म्हणाले सून असावी तर अशी. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही औषधांची सवय? दिरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि म्हणाले, मग दुखण्याचं जरा हात राखूनच देऊ. मी पलंगाच्या पायाशी उभी होते. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, त्या गोळ्या माझ्या होत्या. दिरांसमोर नको होतं तर डॉक्टरांना एकटीने गाठून सांगायचं. परक्या बाईला सांगितलंच होतं ना मी? पण हे मराठीत सांगायचं होतं. आणि हे डॉक्टर दिरांशी बोलायचे.

त्या कण्हायच्या. फार नाही. दात आवळून. नर्स म्हणायची, आजी, आत्ताच तर दिलंय. जाऊ मला बाजूला घेऊन सांगायची, मागतात, पण आपण बधायचं नाही. मला त्या मागण्यातला फरक कळत होता. त्या खोलीत तो कळणारी मी एकटी होते.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. हात तापलेला होता.

"तू सांग ना त्यांना," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतील."

मी म्हटलं, सांगते आई. आणि बाहेर गेले. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत फक्त तेच होते. त्यांनी वर बघितलं, काय हवंय म्हणून विचारलं. मी विचारलं, घरी कधी सोडाल. ते म्हणाले, गुरुवारी. मी थँक्यू म्हटलं.

परत आले. आईंनी विचारलं, सांगितलंस?

मी म्हटलं, "हो, सांगितलं."

त्यांनी मान हलवली. चेहरा जरा सैल झाला, आणि आता नर्स येईल म्हणून त्या दाराकडे बघत राहिल्या. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. साडेपाचपर्यंत त्या दाराकडे बघत होत्या.